कारखान्यात कुठल्या तंत्रज्ञानावर आधी खर्च करायचा, हे गुण देऊन ठरवावं का?

हिशेब बघणारा
कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचा, हिशेब मी बघतो. यंदा पैसे एकाच कामाला पुरणार आणि मागण्या चार: भट्टीवर वीजमोजणी, कास्टिंग सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर (ओतकाम कसं होईल ते संगणकावर आधी दाखवणारं), ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली) आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, रोबो. आजवर ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी मंजूर व्हायची, नाहीतर मालकांना प्रदर्शनात आवडलेलं मशीन यायचं. या वेळी मी हट्ट धरला, की कोटेशन मागवायच्या आधी निकष आणि त्यांचं वजन ठरवायचं. रिजेक्शन (बाद होणारा माल) घटणं ३०, पैसे लवकर सुटणं २५, वीज वाचणं २०, माणसांना जमणं १५, कायद्याची सक्ती १०. प्रत्येक निकषाला १ ते ५ गुण. वीजमोजणीला याच क्रमाने २, ५, ५, ४, १ मिळाले, म्हणजे एकूण ३५५. सिम्युलेशनला ५, ३, १, २, १, एकूण २८५. बाकीची दोन बरीच मागे पडली. मला ही पद्धत पटली आहे. प्रत्येक मालकाने ती वापरावी, असं मनापासून वाटतं.

क्वालिटीवाली
मला अजिबात पटत नाही. रिजेक्शनला ५०, पैसे सुटण्याला २० आणि उरलेल्या तिघांना १०-१० देऊन बघा. तुमच्याच गुणांनी सिम्युलेशन ३५० वर जातं आणि वीजमोजणी ३०० वर येते. मग वस्तुनिष्ठ काय राहिलं? वजन ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात.

आणि हा धडा आपल्या धंद्याने आधीच घेतलाय. एफएमईएमध्ये, म्हणजे काय बिघडू शकतं ते आधीच तपासायच्या पद्धतीत, आपण तीव्रता, वारंवारता आणि दोष सापडण्याचा आकडा यांचा गुणाकार करून आरपीएन, म्हणजे जोखमीचा आकडा, काढायचो. १० × २ × ५ म्हणजे १०० आणि २ × १० × ५ म्हणजेही १००. एकात माणसाच्या जिवाला धोका, दुसऱ्यात नुसता रंगाचा डाग, तरी आकडा तोच! एआयएजी आणि व्हीडीए या वाहन उद्योगातल्या संघटनांच्या २०१९ च्या पुस्तिकेने आरपीएन काढून टाकला आणि तीव्रतेकडे आधी बघणारी ॲक्शन प्रायॉरिटी (कुठल्या धोक्यावर आधी काम करायचं तो क्रम) आणली. वाहन उद्योगाने सोडलेली चूक आपण ऑफिसात कशाला आणायची?

जीएसटीवाला
सक्तीला १० गुणांचं वजन, हे मुळातच चूक आहे. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) बंधनकारक झालं. ते कमी गुणांमुळे मागे ठेवता आलं असतं का? सक्तीचं काम यादीतून आधीच बाजूला काढा, उरलेल्यांनाच गुण द्या.

हिशेब बघणारा
सक्तीचं मान्य, तो निकष काढतो. पण ताई, वजन बदललं की क्रम फिरतो, हे कळलं तेसुद्धा कागदावर आकडे होते म्हणूनच. आधी मालक नुसतं "मला वाटतं" म्हणायचे, त्यात काय फिरवून बघणार? आता भांडण नेमकं कुठे आहे ते दिसतंय: रिजेक्शनला ३० द्यायचे की ५०.

भट्टीवाला
मी भट्टीवर उभा असतो, म्हणून बोलतो. आमच्याकडे लोखंड वितळून तयार असतं आणि साचे तयार नसतात. मग तो रस तसाच गरम धरून ठेवायचा. वीज तिथे वाया जाते. ते घड्याळ बघूनही कळतं. मागे शॉपवर टॅब दिला होता, तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. मीटरचं रीडिंग कुणी बघणार असेल तरच "माणसांना जमणं" याला ४ द्या, नाहीतर २.

क्वालिटीवाली
दादा बरोबर बोलले. सिम्युलेशनचंही तेच. श्रिंकेज (धातू गार होताना आकसून पडणारी पोकळी) आणि धातू भरण्यातले दोष त्यात आधी दिसतात, पण वाळूमुळे माल जात असेल तर ते सॉफ्टवेअर फार काही करणार नाही. मग त्याला दिलेले ५ गुण कशाच्या जोरावर?

हिशेब बघणारा
याचं उत्तर आज माझ्याकडे नाही, कारण बाद झालेला सगळा माल एकाच ढिगात पडतो. उद्यापासून श्रिंकेजचा ढीग वेगळा आणि वाळूचा वेगळा लावायला सांगतोय. दादा, रस किती वेळ धरून ठेवावा लागला ते प्रत्येक हीटला (भट्टीच्या प्रत्येक वितळणीला) खडूने फळ्यावर लिहाल का? महिनाभराने दोन्ही आकडे घेऊन गुण पुन्हा भरतो. तोवर कोटेशन मागवणं थांबवलंय.