बातम्यांवरचे पॅनेल शो: सगळं आधी लिहिलेलं असतं का? आणि कोर्टाचं काय?

चौकस:
बीबीसीचा 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' बघतोय, बातम्यांवरची विनोदी प्रश्नमंजुषा. मंडळींना इतकं पटापट सुचतं, की हातात लिहून दिलेलं असतं? आणि नेत्यांची एवढी सालं काढून शेवटी "असा आरोप आहे बरं का" म्हटलं की अब्रुनुकसानीतून सुटका होते?

कात्रीवाला:
सूत्रसंचालकाचं बहुतेक सगळं लिहिलेलं असतं, तो ऑटोक्यूवर, म्हणजे कॅमेऱ्याजवळच्या पडद्यावर सरकणारा मजकूर, वाचतो. म्हणूनच २००२ मध्ये कायमचा सूत्रसंचालक अँगस डेटन गेल्यावर त्या खुर्चीत दर भागाला नवा पाहुणा बसवता आला. दोन संघांचे कप्तान इयान हिस्लॉप आणि पॉल मर्टन यांचं बरंचसं उत्स्फूर्त.

पण 'पटापट' ही खरी संकलनाची करामत. गुरुवारी रेकॉर्डिंग दोनेक तास चालतं, शुक्रवारी दिसतो जेमतेम अर्धा तास. फसतं ते दोन ठिकाणी. दहाव्या मिनिटाला मंत्र्याच्या टोपीवर विनोद झाला आणि पुढे कधीतरी कुणी नुसतं "टोपी" म्हटलं की स्टुडिओ कोसळतो. पहिला तुकडा उडवलात तर घरच्या प्रेक्षकाला दुसऱ्यात काय हसण्यासारखं ते कळत नाही. अशा जोड्यांवर आधी खूण करायची. ठेवायच्या तर दोन्ही, नाहीतर दोन्ही बाद.

दुसरं हशा. प्रत्येकाचा माइक वेगळा असला तरी प्रेक्षकांचा आवाज सगळ्यांत शिरतोच. हशा चढत असताना कापलं की तुटलेलं लगेच ऐकू येतं. तो ओसरू द्यायचा, सांध्यावर समोरच्याचा हसरा चेहरा टाकायचा. अडखळलेली वाक्यं शेवटी, प्रेक्षक उठायच्या आत, पुन्हा वाचून घेतात.

गुणांचा हिशेब घरी लावत बसू नका, एवढ्या कापाकापीत तो जुळायचा नाही.

पोटकलम:
"असा आरोप आहे" हे कवच नाही. दुसऱ्याची अफवा पुन्हा सांगणं म्हणजे कायद्याच्या लेखी ती स्वतःच करणं. इंग्लंडमध्ये खरा आधार २०१३ च्या बदनामी कायद्यातला 'प्रामाणिक मत' हा बचाव. त्यासाठी विधान मत म्हणून ओळखू आलं पाहिजे, ते कशावरून बनलं हे निदान मोघम तरी सांगितलेलं हवं आणि त्यामागचं तथ्य खरं हवं. "याने पैसे खाल्ले" हे मत नव्हे.

वकील जास्त धास्तावतात ते न्यायालयाच्या अवमानाला. १९८१ च्या कायद्यानुसार अटक झाली किंवा वॉरंट निघालं की प्रकरण 'चालू' धरतात. मग ज्युरीचं मत गढूळ होण्याचा गंभीर धोका निर्माण झाला तर हेतू विचारातच घेत नाहीत. याच कार्यक्रमाला तो फटका बसलाय: १९९४ च्या एका भागात मॅक्सवेल बंधूंवर (वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेलचे मुलगे), त्यांच्यावरचा फसवणुकीचा खटला उभा राहायच्या काही महिने आधी, शेरे मारले गेले. १९९६ मध्ये बीबीसी आणि निर्माती कंपनी हॅट ट्रिक यांना प्रत्येकी १०,००० पौंड दंड झाला. आधी छापून आलंय म्हणून विनोद सुरक्षित, हा समज महागात पडतो.

चौकस:
अच्छा! मग खासदारांच्या भाषणाच्या क्लिपा का नसतात? तो तर आयता माल.

पोटकलम:
ब्रिटिश संसदेच्या चित्रणाच्या अटींतच तशी बंदी आहे. हलकंफुलकं मनोरंजन किंवा राजकीय विडंबन यांत ते वापरता येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'द डेली शो'चा एक भाग ब्रिटनमध्ये याच कारणाने दाखवला गेला नाही. भाषणातलं वाक्य बोलून दाखवायला मात्र कुणाची ना नाही, त्यामुळे लेखक तीच वाट धरतात.

कात्रीवाला:
निवडणुकीचं पथ्य वेगळंच. मे २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, खासदार आणि 'चेंज यूके' पक्षाच्या हंगामी नेत्या हायडी ॲलन असलेला अख्खा भाग बीबीसीने ऐनवेळी मागे घेतला. तिथे कात्री चालवून उपयोग नव्हता. पाहुणी प्रत्येक चौकटीत होती.