लाटांची वीज: टाकीत चालतं मग समुद्रात का अडतं?

सागर_मेक: सॉल्टरचं डक (लाटांवर डुलून वीज बनवणारं यंत्र) 1974 चं, तरी लाटांपासून वीज बनवायला पवनचक्कीसारखं एक ठरलेलं यंत्र अजून नाही, असं का? छोटं मॉडेल कृत्रिम लाटांच्या चाचणी-टाकीत नीट चालत असेल तर थेट मोठं का बांधत नाहीत? भरतीच्या टर्बाइनचं त्यामानाने बरं चाललेलं दिसतं.

जलतरंग: टाकी लागतेच, पण ती सगळं सांगत नाही. 1:25 चं मॉडेल असेल तर फ्रूडच्या नियमाने (मॉडेलवरून मोठ्या यंत्राचे आकडे काढायचा नियम) खऱ्या यंत्राची पॉवर साधारण 78,000 पट धरायची, पण बेअरिंगचं आणि पाण्याचं घर्षण त्या नियमाने वाढत नाही, त्यामुळे मॉडेलमधली छोटीशी चूक पुढे प्रचंड होते. शिवाय गंज, यंत्रावर चढणारे शिंपले, कनेक्टरमध्ये शिरणारं पाणी हे टाकीत दिसणारच नाही. आणि खरी अडचण म्हणजे कमाई रोजच्या मध्यम लाटांवर करायची आणि स्टील मात्र वादळातल्या लाटेच्या हिशोबाने घालायचं, खर्च तिथेच वाढतो.

उत्तरवारा: म्हणूनच स्कॉटलंडमधल्या ऑर्कनीला 2003 मध्ये एमेक हे समुद्री ऊर्जेच्या यंत्रांचं चाचणी केंद्र सुरू झालं. बिलिया क्रूला लाटांसाठी, फॉल ऑफ वॉर्नेसला भरतीच्या प्रवाहासाठी जागा, किनाऱ्यापर्यंत केबल आधीच टाकलेली, कंपनीने फक्त यंत्र आणायचं. लाटांपासून वीज बनवणाऱ्या पेलामिस कंपनीच्या यंत्राने 2004 मध्ये तिथून ग्रिडला वीज दिली होती, आणि 2014 मध्ये ती कंपनी पैशाअभावी बुडाली याचं मला अजून वाईट वाटतं. अशा कामाला दोन-तीन वर्षांचा नाही, दीर्घ मुदतीचा पैसा हवा.

ओहोटी: भरतीचं कारण सोपं आहे, प्रवाह कधी आणि किती वेगाने येणार हे कित्येक वर्षं आधी काढता येतं. पाणी हवेच्या 800 पट घन, त्यामुळे छोट्या पात्यांतही भरपूर वीज मिळते. पण पाणी संथ असतं तो वेळ फार थोडा आणि दुरुस्ती तेवढ्यातच उरकावी लागते. ऑर्बिटल कंपनीचं 2 मेगावॉटचं ओ-टू हे भरतीचं टर्बाइन 2021 पासून एमेकला आहे, ते तरंगतं आणि दुरुस्तीसाठी रोटर पाण्याच्या वर उचलता येतात, मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

सागर_मेक: थँक्यू सगळ्यांना! मग आमच्या कॉलेजच्या मॉडेलवर काय मोजू?

जलतरंग: नुसती पॉवर नको रे. टाकीत अनियमित लाटा तयार कर आणि मूरिंगच्या दोरीवर (यंत्र जागेवर बांधून ठेवणारी दोरी) येणारा सगळ्यात मोठा झटका मोज, लोडसेल (ताण मोजणारा सेन्सर) लावून.