दिवाळीनंतर फ्लोरिडा: घरच्या ग्रुपवरची चर्चा

शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

दादा, सकाळी ७:४२
मंडळी, डिस्नीचं आज-उद्या करता करता दोन वर्षं गेली. आता ठरवूनच टाकू. मंगळवार ५ नोव्हेंबरला निघायचं, रविवारी १० ला परत. पाच रात्री. ७ आणि ८ ला शिक्षकांच्या अधिवेशनामुळे न्यू जर्सीतल्या शाळा बंद असतात, त्यामुळे मुलांची शाळा फार बुडत नाही. आई-बाबा दिवाळीला इकडेच असतील. एकूण सहा जण.

आत्या, सकाळी ७:४५
भाऊबीज कधी आहे ते बघितलंस का?

दादा, सकाळी ७:४५
३ ला. ओवाळून घेऊनच निघतो 🙏

दादा, सकाळी ७:५१
तीन पर्याय आहेत.
अ) डिस्नीच्याच आर्ट ऑफ अॅनिमेशन हॉटेलात फॅमिली सूट, पार्कची तिकिटं आणि जेवणाचा डायनिंग प्लॅन. सगळं एका पॅकेजात.
ब) तोच सूट, तीच तिकिटं, जेवण आपलं आपण.
क) बाहेरच्या हॉटेलात दोन खोल्या आणि भाड्याची गाडी.
सूट रात्री ५६० डॉलर दाखवतोय. बाहेरच्या खोल्या १३० ला एक.

मोठे काका, सकाळी ८:०३
१३० दुणे २६०. कुठे २६० आणि कुठे ५६०. यात विचार करण्यासारखं काय आहे?

मोठे काका, सकाळी ८:०४
नाहीतर सरळ आपल्या टूरवाल्यांबरोबर जा. अमेरिकेत सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात देतात.

दादा, सकाळी ८:०६
काका, मी अमेरिकेतच राहतो. अमेरिकेहून अमेरिकेला टूर?

वहिनी, सकाळी ८:१५
माझं मत अ. आधीच सांगून ठेवते, मला हिशेब पटवू नका. सुट्टीवर गेलं की दर काउंटरपुढे फोनचा कॅल्क्युलेटर काढणारा एक माणूस माझ्याबरोबर असतो. मुलांनी आइस्क्रीम मागितलं की त्याचे रुपये करून सांगतो. एकदाच पैसे भरून टाकले की तो विषय बंद. त्या शांततेचे पैसे द्यायला मी तयार आहे.

मी (दादाची बहीण), सकाळी ८:१७
वहिनी 👏👏

आई, सकाळी ८:३१
जेवणात काय काय असतं? आम्हा दोघांना अंडंसुद्धा नको.

दादा, सकाळी ८:४०
आई, प्लॅन दोन प्रकारचे. क्विक सर्व्हिस म्हणजे काउंटरवरून ट्रे उचलायचा. माणशी, रात्रीच्या हिशेबाने दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्यात एक जेवण टेबलावर बसून, एक काउंटरवरचं आणि एक स्नॅक. दोन्हींत हॉटेलात पेय पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा कप मिळतो. कोविडमध्ये बंद पडलेले प्लॅन या जानेवारीत परत सुरू झालेत.
क्विक सर्व्हिस: मोठ्यांना रात्री ५७.०१ डॉलर, लहानांना २३.८३.
टेबलवाला: मोठ्यांना ९४.२८, लहानांना २९.६९.
आपल्यात मोठे चार, लहान दोन.

ह्यूस्टनचा (चुलत) भाऊ, सकाळी ८:५२
थांब. मोठी अकराची झाली ना?

दादा, सकाळी ८:५३
हो, जूनमध्ये.

ह्यूस्टनचा भाऊ, सकाळी ८:५५
मग ती त्यांच्या दृष्टीने मोठं माणूस. लहान म्हणजे ३ ते ९. दहा पूर्ण झाली की तिकीटही मोठ्याचं आणि प्लॅनही मोठ्याचा. तू मोठे पाच आणि लहान एक असं धर.

दादा, सकाळी ९:०२
अरे देवा. म्हणजे क्विक सर्व्हिसचे रात्रीला ३०८.८८, पाच रात्रींचे १५४४.४०. टेबलवाला घेतला तर २५०५.४५.

मोठे काका, सकाळी ९:०४
अडीच हजार डॉलर जेवणाला??

वहिनी, सकाळी ९:०६
पोरगी सध्या फक्त चीज पिझ्झा आणि पास्ता खाते. तिच्या पिझ्झ्याचे रोज ५७?

मी, सकाळी ९:०७
वहिनी, तू हिशेबात उतरलीस 😄

आत्या, सकाळी ९:२०
तिला वगळून बाकीच्यांचा घ्या की.

ह्यूस्टनचा भाऊ, सकाळी ९:२४
तसं चालत नाही आत्या. बुकिंगमध्ये तीन वर्षांवरची जेवढी माणसं, तेवढ्या सगळ्यांचा घ्यावा लागतो. काका-काकूंचाही, म्हणजे दादाच्या आई-बाबांचाही.

बाबा, सकाळी ९:४१
मी एका वेळी अर्धी पोळी खातो.

ह्यूस्टनचा भाऊ, सकाळी १०:१०
आम्ही या फेब्रुवारीत जाऊन आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
काउंटरवरचं एक जेवण साधारण १३ ते १७ डॉलर. थंड पेय पाचच्या आत. स्नॅक सहा-सात. आता दोन जेवणं, दोन पेयं आणि स्नॅक धरा, वर साडेसहा टक्के कर, त्या कपाचे चार-पाच. एका माणसाने सगळं संपवलं तरी बावन्न-त्रेपन्नच्या पुढे सहज जात नाही. प्लॅन ५७ चा आहे, करासकट. तो वसूल करायचा तर प्रत्येक वेळी पाटीवरचा सर्वांत महाग पदार्थ घ्यायचा, म्हणजे बहुतेक वेळा मांस किंवा मासे. आणि एकवीस वर्षांवरच्यांना जेवणाबरोबर थंड पेयाऐवजी बिअर किंवा वाइन घेता येते, ती घ्यायची. बिअर पिणाऱ्यांचा प्लॅन चांगला वसूल होतो. शाकाहारी, पाणी पिणाऱ्या आणि अर्धी पोळी खाणाऱ्या माणसांचा होत नाही. काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर फुकट देतात.

मोठे काका, सकाळी १०:१३
म्हणजे आमच्या बंधूंना बिअर सुरू करावी लागणार.

बाबा, सकाळी १०:१६
नोव्हेंबरात श्रावण नसतो.

आई, सकाळी १०:१७
त्यांना काही शिकवू नका.

ह्यूस्टनचा भाऊ, सकाळी १०:२५
अजून एक गोष्ट. क्रेडिटं, म्हणजे प्लॅनमधली जेवणं आणि स्नॅक, रात्रीच्या हिशेबाने मिळतात, पण आपण जेवतो दिवसाच्या हिशेबाने. पाच रात्री म्हणजे सहा दिवस. सगळी क्रेडिटं एकत्र गोळा असतात, कोणी किती वापरायची ते आपण ठरवायचं, ती सोय चांगली आहे. पण चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेली संपतात. शेवटच्या सकाळी हॉटेलच्या दुकानात बघ, लोक उरलेल्या स्नॅकच्या क्रेडिटांवर पाकीटबंद बिस्किटं आणि चॉकलेटं पिशव्या भरभरून घेत असतात. भूक कोणालाच नसते.

दादा, सकाळी १०:३०
आणि टेबलवाला?

ह्यूस्टनचा भाऊ, सकाळी १०:३४
रोज मिकीबरोबर जेवणार असाल तर वसूल होतो. शेफ मिकीज नावाच्या रेस्टॉरंटात रात्रीचं मोठ्याचं ताट साठच्या वर आहे. पण रोज दीड तास टेबलावर बसायचं, आणि टीप प्लॅनमध्ये नाही. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के आपोआप लागतात. तुम्ही नेमके सहा. एका जेवणाला साठ-सत्तर डॉलर नुसती टीप झाली. शिवाय काही मोठ्या रेस्टॉरंटांत एका जेवणाला दोन क्रेडिटं जातात.

वहिनी, सकाळी १०:५०
बरं. पण शेफ मिकीज हवं. धाकटा सात वर्षांचा आहे, अजून दोन वर्षांनी त्याला मिकीबरोबर फोटो काढायची लाज वाटेल. एकदा जाऊ, रोख पैसे देऊन.

दादा, सकाळी १०:५२
मंजूर. कॅल्क्युलेटर घरी ठेवतो.

मोठे काका, सकाळी ११:०५
म्हणजे प्लॅन गेला. मग हॉटेल तरी स्वस्तातलं घ्या. रात्रीला ३०० वाचतात, पाच रात्रींचे दीड हजार. झोपायलाच तर जायचं.

मी, सकाळी ११:४०
काका, मी सकाळपासून हेच मांडत बसले होते. १३० हा पाटीवरचा भाव. त्या हॉटेलची रिसॉर्ट फी खोलीमागे रोज २५, ती बारीक अक्षरात आहे. दोन खोल्यांचे पाच रात्रींचे १३०० अधिक २५० झाले १५५०. त्यावर तिथला १२.५ टक्के कर, म्हणजे १७४४. गाडीचं भाडं दादाने ३५० धरलंय. पार्कचं पार्किंग दिवसाला ३०, चार दिवस १२०. बेरीज २२१४, पेट्रोल सोडून.
सूटचे २८०० आणि कर धरून ३१५०. तिथे राहणाऱ्यांना हॉटेलात आणि पार्कात पार्किंग फुकट, आणि गाडी नसली तरी चालते. फरक नऊशे-साडेनऊशेचा. दीड हजाराचा नाही.

मोठे काका, सकाळी ११:४४
नऊशे म्हणजे पण पाऊण लाख रुपये झाले की गं.

मी, सकाळी ११:५८
झालेच. म्हणून त्यात काय मिळतं ते बघायचं. आर्ट ऑफ अॅनिमेशनच्या दारातून स्कायलायनर सुटतो, पाळण्यासारख्या डब्यांची रोप-वे. कॅरिबियन बीच स्टेशनला डबा बदलायचा की एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही पार्कं. मॅजिक किंगडम आणि अॅनिमल किंगडम या पार्कांना बस आहे. बाबांचा गुडघा बघता मला सगळ्यांत जास्त किंमत याची वाटते. दुपारी एकला ऊन तापलं की आई-बाबा दोघंच खोलीवर येऊन पडू शकतात, आणि चारला परत जाऊ शकतात. बाहेर राहिलं की एक जण थकला की सगळ्यांनी गाडीत बसायचं, किंवा कोणीच हलायचं नाही. शिवाय डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी पार्कात सोडतात.
सूटमध्ये दोन बाथरूम आहेत. सकाळी सहा माणसांना दोन बाथरूम!

आई, दुपारी १२:०२
दोन बाथरूम असतील तर तेच घ्या.

बाबा, दुपारी १२:०५
विमानतळावरून कसं जायचं?

दादा, दुपारी १२:०९
पूर्वी डिस्नीची फुकट बस होती, २०२२ मध्ये बंद झाली. आता पैसे देऊन बस किंवा टॅक्सी. ते धरलं तरी चालेल.

आत्या, दुपारी १२:३०
खोलीत शेगडी आहे का?

दादा, दुपारी १२:३२
नाही. फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं यंत्र. शेगडीसकट स्वयंपाकघर हवं तर किसिमीला भाड्याची घरं मिळतात, पण मग परत गाडी आली.

आत्या, दुपारी १२:३३
मायक्रोवेव्ह पुरे. दूध, ब्रेड, फळं मागवून घ्या, नाश्ता खोलीत उरकतो. आणि दिवाळीचा फराळ असेलच की. चकली, शेव, शंकरपाळे डब्यात भरून न्या. आत सोडतात का डबा?

ह्यूस्टनचा भाऊ, दुपारी १२:४१
सोडतात. बाहेरचं खाणं पार्कात न्यायला परवानगी आहे. काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही.

आत्या, दुपारी १२:४२
मग तुमच्या स्नॅक क्रेडिटाचं काय घेऊन बसलात!

वहिनी, दुपारी १:१०
थांबा, आत्ताच एक जाहिरात दिसली. काही तारखांना डायनिंग प्लॅन फुकट देतात म्हणे. ते आपल्याला मिळालं तर?

ह्यूस्टनचा भाऊ, दुपारी १:१८
अशा ऑफरमध्ये खोली पूर्ण भावाने घ्यावी लागते. खोलीवरची सवलत आणि फुकट प्लॅन, दोन्ही एकदम मिळत नाहीत. तुमच्या तारखांना मिळालं तर दोन्ही आकडे शेजारी मांडून बघ. व्हॅल्यू, म्हणजे डिस्नीच्या स्वस्तातल्या हॉटेलात माणसं जास्त असतील तर फुकट प्लॅन फायद्याचा पडतो, महागड्या हॉटेलात दोघंच असतील तर खोलीवरची सवलत.

दादा, दुपारी १:२५
५ ते १० ला अजून काही आलेलं नाही. तो आठवडा आमच्या न्यू जर्सीवाल्यांनीच भरलेला असतो, त्यांना सवलत द्यायची काय गरज.

आई, दुपारी १:४०
कार्तिकी एकादशी १२ ला आहे. तोवर परत येतोय ना?

दादा, दुपारी १:४१
१० ला घरी.

बाबा, दुपारी १:४६
आम्ही तिथे खायचं काय, ते अजून कोणी सांगितलं नाही.

ह्यूस्टनचा भाऊ, दुपारी १:५५
काका, मेनूत पानाचं चिन्ह असलेले पदार्थ बघायचे. त्यांत मांस, अंडं, दूध काहीच नसतं. आणि अॅनिमल किंगडम लॉजमध्ये सनाआ नावाचं रेस्टॉरंट आहे. त्या हॉटेलात राहत नसलो तरी जाता येतं. तिथे ब्रेड सर्व्हिस मागवा: नान वगैरे पाच प्रकार आणि त्याबरोबर नऊ चटण्या-लोणची. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात.

बाबा, दुपारी १:५७
हे ठीक आहे.

दादा, दुपारी २:२०
मग सांगतो. नाश्ता खोलीत, दुपारी काउंटर, एक दिवस सनाआ, एक रात्र शेफ मिकीज. सगळं धरून बाराशेच्या आसपास. प्लॅनपेक्षा साडेतीनशे कमी, आणि कोणावर खायची सक्ती नाही. ब पक्का?

वहिनी, दुपारी २:२२
पक्का. पण वाचलेल्या साडेतीनशेमधून आइस्क्रीमचे शंभर मुलांच्या हातात आधीच द्यायचे. त्यात तुझा शब्द नाही.

दादा, दुपारी २:२२
😶

मोठे काका, दुपारी २:३०
काही अडचण आली तर पैसे परत मिळतात का? या वयात तिकिटं काढताना हे आधी विचारावं.

दादा, दुपारी २:३६
चांगला प्रश्न, काका. पॅकेज केलं तर आत्ता २०० डॉलर भरायचे आणि बाकी सगळे ३० दिवस आधी, म्हणजे ६ ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर रद्द केलं तर दंड. प्लॅन नको असेल तर पॅकेजची गरजच नाही. नुसती खोली घेतली तर एका रात्रीचे पैसे आगाऊ, आणि पाच दिवस आधीपर्यंत रद्द करता येते. तिकिटं वेगळी काढू.

मोठे काका, दुपारी २:३८
मग नुसती खोलीच घे.

मी, दुपारी २:४५
एक राहिलं. शुक्रवारी ८ तारखेला मॅजिक किंगडममध्ये ख्रिसमसची पहिली पार्टी आहे. तिचं तिकीट वेगळं, ते नसेल तर संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. रात्रीची आतषबाजी बघायची तर तिथे गुरुवारी जा.

वहिनी, दुपारी २:५०
आणि शेफ मिकीजचं टेबल? ते पटकन भरतं म्हणतात.

ह्यूस्टनचा भाऊ, दुपारी २:५८
६० दिवस आधी सुरू होतं. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी पुढच्या सगळ्या मुक्कामाचं बुक करता येतं. ५ नोव्हेंबरच्या आधी ६० दिवस म्हणजे ६ सप्टेंबर, तुमच्याकडे पहाटे सहाला.

दादा, दुपारी ३:००
पहाटे सहाला मी उठणार नाही.

मी, दुपारी ३:०२
तुझे सहा म्हणजे आमचे दुपारचे साडेतीन. मी बसते.

आई, दुपारी ३:०४
६ ला हरतालिका आहे. पूजा सकाळी उरकून घे.

मी, दुपारी ३:०५
हो आई. दादा, तू आज खोली बुक कर आणि लॉगिन मला वेगळं पाठव, इथे नको. सहा जणांचं एक टेबल नाही मिळालं तर तीन-तीनची दोन चालतील का?

वहिनी, दुपारी ३:०६
चालतील. धाकटा कॅल्क्युलेटरवाल्यापासून लांब.