पीटीचा तास गणिताला देणे थांबवावे का?

निवृत्त मुख्याध्यापक, माजलगाव

दहावीचा वर्ग असो की पाचवीचा, अभ्यासक्रम मागे पडला की सर्वांत आधी पीटीचा तास जातो. इतरांवर ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मुख्याध्यापक असताना मी स्वतः ते तास गणिताला दिले आहेत आणि पालकांनी त्याबद्दल माझे कौतुकही केले आहे. आज मला ते चुकीचे वाटते. हृदयविकार हा पन्नाशीनंतरचा आजार, असे आपण धरून चालतो. परंतु त्याची सुरुवात ठरणाऱ्या, रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवरील चरबीच्या रेषा लहान वयातच उमटू लागतात. अमेरिकेतील बोगालुसा या छोट्या शहरातील मुलांच्या, १९७०च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले, आणि ज्यांचे वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉल अधिक होते त्यांच्यात या रेषाही अधिक आढळल्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची, दम लागेल अशी हालचाल आवश्यक मानते. वर्षातून एकदा होणाऱ्या क्रीडास्पर्धा, ज्यांत मोजकी मुले धावतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात, ही उणीव भरून काढू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक वर्गाला रोज अर्धा तास खेळ सक्तीचा करावा आणि तो तास दुसऱ्या विषयाला देण्यास मनाई असावी, असे माझे मत आहे.

शेतकरी पालक, वडवणी

गुरुजी, तुमचे दुखणे शहरातल्या मुलांचे आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे रोज सहा किलोमीटर चालत-धावत शाळेत जात आणि त्यांनी २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्यपदक आणले. ते काही पीटीच्या तासाने आणलेले नाही. आमची मुले शाळा सुटल्यावर जनावरांना पाणी पाजतात, सुट्टीत कापूस वेचतात. ऊसतोडीच्या हंगामात कितीतरी मुले आईबापांसोबत कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, राहायला जातात आणि तेव्हा शाळाच सुटते, मग तास कसला वाचवायचा? अंगात रक्त कमी असलेल्या मुलाचे हृदय बसल्या जागीच जास्त धडधडत असते. त्याला आधी खायला घाला, पळवायचे नंतर पाहू.

शिक्षिका, धाराशिव

साबळे यांचे उदाहरण मला उलट बाजूने दिसते. त्यांच्यातला धावपटू खऱ्या अर्थाने घडला तो सैन्यात गेल्यावर. शिवाय सहा किलोमीटर चालणारी मुले आता राहिली किती? मुले व्हॅनने येतात आणि मुली मानव विकास योजनेच्या, विद्यार्थिनींसाठीच्या एसटीने. त्या गाडीमुळे मुलींचे शिक्षण टिकले, याबद्दल मला कमालीचे समाधान आहे, पण तिच्यामुळे रोजची पायपीट गेली आणि तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही. आठवीनंतर मुलगी मैदानावर दिसेनाशी होते. भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व करणाऱ्या आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे आमच्याच जिल्ह्याच्या, तरीही ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य पटांगणाच्या कडेला अजून ऐकू येते. घरकामाने दमणे आणि खेळताना दमणे यांत फरक आहे, हे वडवणीच्या दादांनी घरातल्या मुलीला विचारून पाहावे.

बालरोगतज्ज्ञ, नांदेड

आपण सर्वजण धावणाऱ्या मुलाबद्दल बोलत आहात. मला न धावणाऱ्याबद्दल सांगायचे आहे. घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा ताप प्रामुख्याने ५ ते १५ या वयात येतो आणि जिथे एका खोलीत अनेक जण झोपतात तिथे त्याचा धोका जास्त. सांधे एकामागून एक सुजणे, ताप आणि नंतर पळताना लागणारी धाप, ही लक्षणे दिसणारे मूल आळशी ठरवून रागावले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित असून तीत जन्मजात आणि संधिवातजन्य हृदयरोग दोन्ही समाविष्ट आहेत. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाला घरी ठेवू नका. दुसरे असे, की परभणी-नांदेडच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे भर दुपारी मुलांना मैदानावर उतरवणारी कोणतीही सक्ती मला मान्य नाही.

अकरावीच्या विद्यार्थ्याचे वडील, लातूर

मुद्दा मान्य, उपाय अमान्य. सक्ती आली की नोंदवही येते, आणि नोंदवही आली की ती मैदानाशिवायही भरते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण लिहिलेले आहे, सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही लिहिलेला आहे. लिहिलेले प्रत्यक्षात किती दिसते, ते ज्याने त्याने आपल्या गावात मोजावे. माझा मुलगा सकाळी सहापासून शिकवणीत बसतो. तो दोन वर्षे बसून काढेल, हे मला कळते आणि खुपतेही, पण वैद्यकीय प्रवेशाची रांग त्याच्यासाठी थांबणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, माजलगाव

‘सक्ती’ हा शब्द मी मागे घेतो. गुण नकोत, नोंदवहीही नको. तो तास कोणी घेऊ नये, एवढेच उरू द्या. उन्हाळ्यात सकाळच्या शाळेत प्रार्थनेआधी वीस मिनिटे लंगडी किंवा लेझीम, त्याला मोठे मैदानही लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली धाप मात्र माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. मागे बसणारी दोन-तीन मुले आज आठवत आहेत. लातूरकरांशी माझे जमणार नाही. दोन वर्षे बसून काढलेल्या मुलाला पुढे पाच वर्षे बसायची सवयच लागलेली असते.

शेतकरी पालक, वडवणी

प्रार्थनेआधी लंगडी चालेल, पण मग शाळेतली खिचडी दुपारी नको, लंगडी संपताच द्या. उपाशीपोटी पळवाल तर पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत यायची नाही. शिक्षिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी थोरलीला विचारले. खेळायचे आहे म्हणाली, पण मैदानाला कुंपण नाही आणि रस्त्यावरची पोरे बघत उभी राहतात म्हणाली. त्याचे काय करायचे ते आधी सांगा.