लय, वेग, ठाय आणि दुगुन : लावणीच्या साथीतील शब्द

प्रश्न : लावणीच्या तालमीत ढोलकीवादकाला ‘वेग घ्या’, ‘लय चढवा’, ‘दुगुन करा’ असे आलटूनपालटून सांगितले जाते. हे शब्दप्रयोग समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत, असे माझे ठाम मत आहे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त केलेली लयीची व्याख्या मला आजही सर्वांत नेमकी वाटते : क्रियेनंतरची विश्रांती म्हणजे लय. थाप म्हणजे लय नव्हे. एक थाप पडल्यावर दुसरी पडेपर्यंत जो अवकाश उरतो, ती लय. तो अवकाश मोठा असेल तर विलंबित, आटोपशीर असेल तर मध्य, अगदी थोडा असेल तर द्रुत. ‘वेग’ या शब्दात हा अवकाश हरवतो आणि वादकाचे लक्ष केवळ हातांकडे जाते, म्हणून साथीच्या संदर्भात तो शब्द मी टाळतो. (विनाश या अर्थाचा ‘लय’ मराठीत पुल्लिंगी आणि संगीतातली ‘लय’ स्त्रीलिंगी, ‘ली’, म्हणजे विरणे, हा धातू मात्र दोहोंच्या मुळाशी एकच आहे.)

‘दुगुन’ची गोष्ट वेगळी. केरवा या तालाच्या आठ मात्रा (ताल मोजण्याची एकके) दुगुनीत चार मात्रांच्या जागेत बसतात, म्हणजे एका आवर्तनात, तालाच्या एका पूर्ण फेरीत, ठेका (तालाचे ठरलेले बोल) दोनदा वाजतो. मात्रांमधले अंतर तसूभरही बदलत नाही. नर्तकी मात्रेवर पाऊल टाकत असेल, तर तिचे पाऊल आहे तसेच राहते. ‘दुगुन करा’ हे ऐकून वादकाने लयच चढवली, तर तिची गिरकी अपुरी राहते.

पुरवणी : ‘ठाय’ या शब्दाबद्दलही लिहायला हवे. ठाय म्हणजे संथ, असा समज रूढ आहे. वास्तविक ज्या पायाभूत लयीवरून दुगुन-चौगुन मोजायची, ती ठाय. विरहाच्या बालेघाटी लावणीची ठाय सावकाश असेल, छक्कड या लावणीप्रकाराची मुळातच उडती असेल. म्हणून ठाय ठरवताना मुखड्यावरून, म्हणजे सुरुवातीच्या ओळीवरून, अंदाज बांधू नये. त्या रचनेतले सर्वांत दाट पदन्यास आधी करून घ्यावेत, त्यांत पायांतल्या चाळांचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो का ते पाहावे आणि तेथून उलट मोजत ठायीपर्यंत यावे. बैठकीच्या लावणीत मात्र हा हिशेब पुरत नाही. तेथे कलावंतीण बसून एकाच ओळीवर निरनिराळ्या अदा करते, तेव्हा पावलांऐवजी तिच्या नजरेला आणि हाताला किती अवकाश लागतो, यावरच ठाय ठरवावी लागते.