मदत हवी आहे: साडेतीन महिन्यांच्या लेकीशी नेमकं काय खेळू?

नमस्कार मंडळी,
इथे पहिल्यांदाच धागा काढतोय. आमची लेक परवा साडेतीन महिन्यांची झाली. बाळंतपण सांगलीला, बायकोच्या माहेरी झालं. मी नोकरीला चाकणला, त्यामुळे या दिवसांत जेमतेम पाच वेळा जाणं झालं. गेल्या आठवड्यात दोघी घरी आल्या आणि माझ्या लक्षात आलं, की लेक मला ओळखतच नाही. आई बोलली की हसते, पाय झाडते. मी जवळ गेलो की घडीभर बघते आणि मान फिरवते. मी खुळखुळा आणखी जोरात वाजवतो, ती आणखी तिकडे वळते, मग रडते. बायको उचलून घेते, मी बाजूला होतो. मोबाइलवर रंगीत व्हिडिओ लावला तर टक लावून बघते, पण मनाला ते पटत नाही.

सध्या सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे सकाळचा तासभर माझ्या हातात असतो. त्या तासात काय करू? माझी आई म्हणते, एवढ्याशा जिवाला कसला खेळ, झोपू दे. तिला पालथं घालावं की नाही यावरूनही घरात दोन मतं आहेत. एक सांगायचं राहिलं: ती पाच आठवडे आधी झाली, ३५व्या आठवड्यात. वजन आता छान आहे.

प्रतिसाद १
दादा, शेवटी सांगितलंत तेच आधी बघा. माझा मुलगाही लवकर झालेला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढीचे टप्पे बाळंतपणाच्या मूळ दिलेल्या तारखेपासून मोजायचे. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.) म्हणजे तुमची लेक त्या हिशोबाने सव्वादोन महिन्यांची. या वयात आईकडे बघून हसते, हे चांगलंच आहे.

आणि मान फिरवते ती तुमच्यावर रागावून नाही. बाळाला "आता पुरे, जरा दम घेते" असं सांगायला दुसरा मार्गच नसतो. मान वळवणं, जांभई, उचकी, मुठी आवळणं, ही सगळी तीच बोली. तेव्हा खुळखुळा खाली ठेवा, गप्प बसा, हलू नका. बहुतेक वेळा ती स्वतःच परत वळते. परत वळली की मगच बोला. मला हे कळायला दोन महिने लागले, म्हणून एवढं लिहितेय.

मोबाइल बंदच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांत वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच असं आहे.

प्रतिसाद २
मी वीस वर्षं अंगणवाडीत काम केलं. तुमच्या आईंना सांगा, खेळ म्हणजे खेळणी नव्हेत. मालिश करताना "हा उजवा पाय, हा डावा" म्हणणं हा खेळच. लंगोट बदलताना तोंडाने हुंकार द्यायचा आणि थांबायचं. मनात दहा मोजा. तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो, आपण मोठी माणसं तेवढं थांबत नाही. तिने "आऽ" केलं की तुम्हीही "आऽ" करा.

चेहरा वीतभर, फार तर दीड वीत अंतरावर ठेवा. लहान बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं. पांढऱ्या कागदावर काळे जाड पट्टे काढून दाखवा, विकतचं काही लागत नाही.

पालथं जरूर घाला, पण जागी असताना, दूध पिऊन थोडा वेळ गेल्यावर आणि समोर माणूस असतानाच. झोपताना मात्र उताणीच. सुरुवातीला मिनिटभर पुरे. वाढवत दिवसभराचा मिळून अर्धा तास झाला की छान. तुम्ही आडवे होऊन तिला छातीवर पालथी घ्या, तुमचं तोंड बघायला ती मान उचलेल. माता-बाल संरक्षण कार्डात वयाप्रमाणे बाळाशी काय बोलावं-खेळावं ते चित्रांसह दिलंय. लसीच्या नोंदींपुरतं ते उघडू नका, वाचा.

धागाकर्ता
ताई, काकू, मनापासून आभार. चार दिवस झाले. सकाळचा लंगोट आता मीच बदलतो. खुळखुळा कपाटात ठेवला. पहिले दोन दिवस नुसता थांबून राहिलो, काही घडलं नाही. काल मात्र छातीवर पालथी होती, मान डुगडुगत वर आली आणि थेट माझ्याकडे बघून "अंऽ" केलं. मीही केलं. ती थांबली, परत केलं. असं चार वेळा झालं, मग जांभई आली तसा मी थांबलो. आई दारात उभी राहून बघत होती. आज सकाळी तिनेच दुपटं अंथरून दिलं.

आता एक अडचण. सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट लागतेय, म्हणजे गाठ संध्याकाळी पडणार. आणि संध्याकाळी सहानंतर ती फार किरकिर करते. अशा वेळी खेळायचं, की नुसतं खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरायचं? तुमच्याकडे काय करायचात?