इथिओपिया : घात कलम ३९ ने केला की सीमारेषांनी?

नकाशेवाला
इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेचा विषय निघाला की सगळे कलम ३९ वर तुटून पडतात, कारण त्यात देशातल्या जनसमूहांना फुटून निघण्याचा हक्क आहे. ते कलम नीट वाचा. त्या जनसमूहाच्या विधिमंडळात दोन तृतीयांश मतं, मग केंद्राने तीन वर्षांच्या आत घ्यायचं सार्वमत, त्यात बहुमत, मग मालमत्तेची वाटणी. या वाटेने आजवर कुणीही बाहेर पडलेलं नाही. (एरिट्रिया १९९३ मध्ये गेला, म्हणजे ही घटना येण्याआधीच.)

खरा घात कलम ४६ चा. राज्यांच्या सीमा वस्ती, भाषा, ओळख आणि संमती पाहून आखा, असं ते सांगतं. झालं, प्रत्येक राज्याला मालक आला आणि बाकीचे भाडेकरू ठरले. बेनिशांगुल-गुमुझच्या राज्यघटनेत बेर्ता, गुमुझ, शिनाशा, माओ आणि कोमो हे पाच समाज मालक म्हणून नोंदलेले आहेत. तिथले अम्हारा आणि ओरोमो, त्यातले काही तर १९८० च्या दशकात सरकारनेच आणून वसवलेले, ते 'इतर'. याच राज्यातल्या मेतेकेल भागातली कत्तल या नोंदीपासून वेगळी काढता येत नाही. हरारी राज्यात २००७ च्या जनगणनेनुसार हरारी लोक १० टक्क्यांहून कमी, तरी राज्य परिषदेत १४ जागा त्यांच्याच. राज्यं भूगोलावर आखावीत आणि भाषेचे हक्क माणसाला द्यावेत, असं माझं मत.

उलटतपासणी
भूगोलावर आखलेले प्रांत १९९१ पूर्वी होतेच की. कारभार आणि शाळा अम्हारिकमध्ये, सत्ता अदिस अबाबात. एरिट्रियाला १९५२ मध्ये संघराज्यात घेतलं आणि १९६२ मध्ये ती व्यवस्था गुंडाळली. त्याची किंमत तीस वर्षांचं युद्ध. १९९१ मध्ये दर्ग ही लष्करी राजवट ज्यांनी उलथवली त्या फौजा वांशिक आणि प्रादेशिक पायावरच उभ्या होत्या. म्हणजे १९९५ चा नकाशा ही कुणा विद्वानाची हौस नव्हती, तो बंदूकधाऱ्यांमधला तह होता.

आणि 'हक्क माणसाला द्या' म्हणजे काय? आफान ओरोमो, म्हणजे ओरोमोंची भाषा, प्राथमिक शाळेत, कोर्टात आणि वोरेदाच्या (तालुक्याच्या) कचेरीत आली ती ओरोमिया नावाचं राज्य झालं म्हणून. तहसीलदार तुमची भाषा बोलत नसेल तर घटनेतला हक्क घेऊन अर्ज कुठे करायचा?

माझी तक्रार वेगळी आहे : पंच कोण? घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, तो संसदेच्या वरच्या, म्हणजे फेडरेशन सभागृहाला आहे. या सभागृहात प्रत्येक जनसमूहाचा एक सदस्य, शिवाय दर दहा लाख लोकसंख्येमागे आणखी एक. ११ जणांची घटनात्मक चौकशी परिषद नुसता सल्ला देते. म्हणजे पंच नेमणारे खेळाडूच. २०२० मध्ये कोविडमुळे निवडणूक पुढे ढकलली आणि सरकारच्या मुदतवाढीला जूनमध्ये याच सभागृहाने मान्यता दिली. उत्तरेच्या टिग्राय राज्याने ती नाकारून ९ सप्टेंबरला स्वतःची निवडणूक घेतली. ऑक्टोबरमध्ये सभागृहाने टिग्राय सरकारला वगळून निधी थेट स्थानिक प्रशासनांकडे वळवण्याचा ठराव केला. ४ नोव्हेंबरला युद्ध. यात ना कलम ३९, ना ४६. निकाल मान्य करावा असा पंच नव्हता, एवढंच.

तिठा
दोघांचंही अर्धंच पटलं. नायजेरियाकडे बघा. स्वातंत्र्याच्या वेळी तीन प्रदेश, त्यात उत्तर एकटा बाकी दोघांहून मोठा. २७ मे १९६७ ला लष्करी शासक गोवोन यांनी १२ राज्यं केली आणि तीनच दिवसांनी इग्बो-बहुल पूर्व भागाने बिआफ्रा या वेगळ्या देशाची घोषणा केली. पण त्या राज्यवाटणीत तेलाचे बरेचसे भाग इग्बो-बहुल राज्याबाहेर, अल्पसंख्याकांच्या राज्यांत गेले होते. पुढे १९, २१, ३० करत १९९६ मध्ये ३६. हौसा, योरुबा, इग्बो हे तीन मोठे समाज प्रत्येकी अनेक राज्यांत विभागले गेले आणि भांडणं राज्याच्या आत आली.

दुसरा स्क्रू राष्ट्राध्यक्षाच्या निवडीत : सर्वाधिक मतं पुरत नाहीत, किमान दोन तृतीयांश राज्यांत २५ टक्के हवीत. (१९७९ मध्ये १९ चे दोन तृतीयांश म्हणजे १२ की १३, यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. विजयी ठरवलेले उमेदवार शागारी यांचं बारा राज्यं आणि कानोचा दोन तृतीयांश भाग हे गणित कोर्टाने उचलून धरलं. नियम लिहिताना अपूर्णांकाचाही विचार करावा!)

उलटतपासणी
गोवोन लष्करी हुकूमशहा होते, हुकूम काढून नकाशा फाडू शकत होते. इथिओपियात नवं राज्य हवं तर कलम ४७ ची पायरी चढावी लागते. सिदामा समाजाने जुलै २०१८ मध्ये वेगळ्या राज्याची मागणी केली. ते ज्यात होते त्या दक्षिणेच्या राज्याने वर्षात सार्वमत घ्यायचं होतं, ते घेतलं नाही. मुदत उलटली त्या आठवड्यात माणसं मेली, मग २० नोव्हेंबर २०१९ ला मतदान झालं. शिवाय राज्यं वाढली की पैसा वाढत नाही. नायजेरियातली बहुतेक राज्यं दरमहा केंद्राच्या वाटपाकडे डोळे लावून बसतात.

नकाशेवाला
आणि सिदामांना राज्य मिळालेलं पाहून इतरांनी रांग लावली, हे कोण सांगणार? ५० हून अधिक समाजांचं ते दक्षिणेचं राज्य २०२३ पर्यंत संपलं. त्यातून निघालेल्या दक्षिण इथिओपिया राज्याची कार्यालयं वोलायता सोदो, आरबा मिंच, दिल्ला, जिंका अशी गावोगाव वाटावी लागली, कारण राजधानी एकाची झाली की दुसरा रुसतो. मालकीची भूक तुकडे पाडून भागत नाही.

कोरडा शेरा
कलमांवर एवढी चर्चा झाली, फौजेबद्दल कुणी बोललंच नाही. घटनेने राज्यांना पोलीस ठेवू दिले, राज्यांनी 'विशेष दलं' उभी केली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ती विसर्जित करायला घेतली, तेव्हा अम्हारा राज्यात भडका उडाला आणि ऑगस्टमध्ये आणीबाणी लागली. क्रम चुकला. पश्चिम टिग्रायचा, म्हणजे वोल्काइतचा, प्रश्न लोंबकळत असताना तिथल्या एका दावेदाराची, म्हणजे अम्हाराची, बंदूक काढायला गेले.

टिग्रायचं युद्ध थांबवणाऱ्या २ नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया करारात वादग्रस्त प्रदेश घटनेप्रमाणे सोडवायचे ठरलं. घटनेप्रमाणे म्हणजे कलम ४८ : आधी राज्यांनी आपसात मिटवा, नाहीतर फेडरेशन सभागृह वस्ती आणि लोकांची इच्छा पाहून दोन वर्षांत ठरवेल. वस्ती कुठल्या सालची? १९९१ पूर्वीची, २००७ च्या जनगणनेतली, की २०२० नंतर लोक हुसकावल्यावर उरली ती?

उलटतपासणी
विस्थापित आधी परत, मग मतदारयादी, मग मतदान. क्रम उलटा केला तर हुसकावणाऱ्याला बक्षीस.

कोरडा शेरा
मान्य. परतणाऱ्यांच्या गावात ठाण्यावर पोलीस कुठल्या राज्याचा बसवणार, तेवढं सांगा.